खेळांचा अनुशेष: न खेळलेल्या गेमचा ढीग नेमका कुणामुळे साचला?

गेमिंगचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा एकाच दिशेला जाते. रमी, पैसे लावायची ॲप, कर्जात बुडालेली पोरं. ती चर्चा गरजेचीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. पण या सगळ्यात दुसरा एक प्रश्न कुणी विचारतच नाही. जी माणसं पैसे लावत नाहीत, रीतसर विकत घेऊन गेम खेळतात, त्यांच्या खिशाचं काय चाललंय?

माझ्या ओळखीत अशी बरीच मंडळी आहेत. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एक जण शाळेत शिक्षक. सगळे तिशी-चाळिशीतले. प्रत्येकाच्या खात्यात शे-दोनशे गेम पडून आहेत आणि त्यातले कितीतरी एकदाही उघडलेले नाहीत. हे लोक त्याला हसून 'बॅकलॉग' म्हणतात. हा शब्द आपल्याला दोनच ठिकाणी माहीत होता: इंजिनिअरिंगला राहिलेले विषय, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष. आता मनोरंजनाचाही अनुशेष तयार झालाय. मजा म्हणून घेतलेली वस्तू 'राहिलेलं काम' होऊन बसली आहे.

यावर सोपं उत्तर तयार असतं: 'हावरटपणा, दुसरं काय!' मला ते पटत नाही. माणसं अचानक एका पिढीत हावरट होत नसतात. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की न खपलेल्या, न वापरलेल्या मालाचं ओझं पूर्वी कंपनीच्या गोदामात असायचं. गेल्या चाळीस वर्षांत ते हळूहळू गिऱ्हाइकाच्या खात्यात सरकवलं गेलं. कसं, ते बघू.

सुरुवातीला 'गेम संपवणं' हा प्रकारच नव्हता. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा १९८० चा 'पॅक-मॅन' घ्या. दोन्ही जपानी, नाणं टाकून खेळायचे. त्यांना कथा नव्हती, शेवट नव्हता. तुम्ही मरेपर्यंत खेळायचं. पॅक-मॅन तर २५६ व्या पातळीवर गेलं की प्रोग्राममधल्या चुकीमुळे अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जायचा, तोच काय तो शेवट. मुख्य म्हणजे तिथे पैसे आणि वेळ एकमेकांना बांधलेले होते. जितकं खेळाल तितकी नाणी. न खेळलेल्या खेळाचे पैसे कुणी देत नव्हतं.

मग गेम घरात आले, अटारीच्या मशीनवर, प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये. इथे पैसे आधी आणि खेळ नंतर अशी विभागणी पहिल्यांदा झाली. आणि अमेरिकेत लगेच सुळसुळाट झाला. जो तो कंपनी काढून गेम बनवायला लागला. दुकानांची फडताळं भरली. १९८२ च्या नाताळसाठी अटारीने स्पिलबर्गच्या 'ई.टी.' सिनेमावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत बनवून घेतला आणि लाखो प्रती काढल्या. त्यातल्या खूपशा खपल्याच नाहीत. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने न विकलेला माल ट्रकमध्ये भरला, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेला आणि पुरून टाकला. अनेक वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली, तेव्हा ई.टी.सह सुमारे १,३०० कार्ट्रिज खरोखरच बाहेर निघाली.

ही गोष्ट गेमच्या इतिहासात सगळे विनोद म्हणून सांगतात. मला त्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जास्तीचा माल बनवला कंपनीने, आणि त्याची किंमतही मोजली कंपनीनेच. अटारीला १९८३ साली ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा दोन वर्षांत जवळजवळ झोपला. म्हणजे न खेळलेल्या गेमचा पहिला मोठा ढीग वाळवंटात होता, आणि तो विक्रेत्याचा होता.

यातून धडा घेतला निन्टेंडोने. १९८५ पासून त्यांनी अमेरिकेत नवीन मशीन आणलं आणि बाहेरच्या कंपन्यांना अट घातली: एका वर्षात पाचच गेम काढायचे. मशीनमध्ये एक कुलूप-चिपही बसवली, परवानगीशिवाय कुणाचं कार्ट्रिज चालूच नये म्हणून. यात निन्टेंडोची मक्तेदारीची भूक होतीच, त्यांना संत समजायचं कारण नाही. पण परिणाम असा झाला की बाजारात गेम मोजके, भाव चढे, आणि एका मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी दोन-तीन. त्याच काळात गेमला कथा आली, शेवट आला. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये राजकन्या सोडवायची, 'झेल्डा'मध्ये आजचा खेळ जपून ठेवून उद्या पुढे सुरू करायचा. 'संपवला' हा शब्द गेमला तेव्हा लागू झाला. पोरं तेवढे दोन-तीन गेम घासून घासून संपवायची, कारण दुसरं काही नव्हतंच.

आपल्याकडचं चित्र निराळं होतं. अस्सल निन्टेंडो फार थोड्यांनी पाहिला. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला, आणि कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणायचो. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना त्या कॅसेटवरचा आकडा आठवत असेल: ९९९९ इन १! यादी बघून डोळे फिरायचे. प्रत्यक्षात आत मोजून दहा-वीस गेम, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे. 'काँट्रा', 'मारिओ', बदकांची शिकार, आणि परत काँट्रा. आज मागे वळून बघताना वाटतं की त्या फसव्या आकड्यात पुढचा सगळा धंदा दडलेला होता. गिऱ्हाईक खेळतं दहा, पण पैसे देतं ते नऊ हजारांच्या स्वप्नाला. तरीही तेव्हा ढीग साचत नव्हता. कॅसेट महाग होती, म्हणून ती वाड्यात, चाळीत, सोसायटीत फिरायची. मे महिन्याच्या सुट्टीत एकाची कॅसेट पाच घरांत खेळली जायची. ज्यांच्याकडे तेही नव्हतं, ते तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळायचे.

मग कॉम्प्युटर आले, सीडी आल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि प्रत्येक शहरातल्या तशाच एखाद्या गल्लीत चोरीच्या सीडी मिळायच्या. 'व्हाइस सिटी' माहीत नाही असं त्या पिढीचं पोरगं सापडणार नाही, आणि तो डब्यासकट विकत घेतलेलं पोरगंही क्वचितच सापडेल. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण अस्सल गेमची किंमत घरातल्या महिन्याच्या किराण्याशी बरोबरी करणारी होती, हेही तितकंच खरं. 'मोठं झालो, कमवायला लागलो की सगळे खरेखुरे घेईन,' हे वाक्य तेव्हा कितीतरी पोरांनी मनात ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता येतो मुख्य वळणावर. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम' सुरू केलं. आधी ते स्वतःच्या गेमना अपडेट देण्याचं साधन होतं. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' आला तेव्हा डबा दुकानातून आणला तरी स्टीमवर खातं काढणं सक्तीचं झालं. लोक तेव्हा वैतागले. २००५ पासून इतर कंपन्यांचे गेमही तिथे विकले जाऊ लागले. डबा गेला, गोदाम गेलं, कचरा डेपो गेला. एक प्रत विकायची की दहा लाख, कंपनीला छापण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मग भाव किती खाली आणला तर चालेल? हा प्रश्न जगात पहिल्यांदाच इतक्या मोकळेपणाने तपासता येत होता.

आणि त्यांनी तपासला. फेब्रुवारी २००९ मध्ये लास वेगासला गेम उद्योगाची 'डाइस' परिषद भरली होती. तिथे व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी आकडे मांडले. आदल्या सुट्टीच्या सेलमध्ये १० टक्के सवलतीच्या गेमचं उत्पन्न ३५ टक्क्यांनी वाढलं. २५ टक्के सवलतीला २४५ टक्क्यांनी, ५० टक्क्यांना ३२० टक्क्यांनी. आणि ७५ टक्के सवलतीला? १,४७० टक्क्यांनी. लक्षात घ्या, ही नगांची संख्या नाही, आलेला पैसा आहे. भाव चौथा हिस्सा केला आणि गल्ला पंधरापट झाला. 'लेफ्ट ४ डेड' हा त्यांचा गेम बाजारात येऊन तीन महिनेच झाले होते. तो एका शनिवार-रविवारी निम्म्या भावाला लावला, तर विक्री ३,००० टक्क्यांनी वाढली आणि गेम नवा आला तेव्हापेक्षाही जास्त झाली.

माझ्या मते ढिगाचं मूळ या आकड्यांत आहे. विचार करा, पंधरापट पैसे देणाऱ्या या लोकांकडे पंधरापट वेळ कुठून आला? आला नाहीच. त्यांनी गेम खेळण्यासाठी घेतला नव्हता, भाव पडला म्हणून घेतला होता. आपण कांदा स्वस्त झाला की दहा किलो आणतो, तसंच. फरक इतकाच की कांदा सडला की घरभर वास सुटतो, बायको-आई ओरडते, पुढच्या वेळी आपण दोनच किलो आणतो. गेम सडत नाही. जागा अडवत नाही. त्यामुळे 'बास झालं' हे सांगणारं कुणी उरत नाही.

पुढची पंधरा वर्षं याच शोधावर मजले चढत गेले. मे २०१० मध्ये 'हम्बल बंडल' आलं: पाच-सहा गेमचा जुडगा, किंमत तुम्ही ठरवा, काही हिस्सा दानधर्माला. कल्पना सुंदर होती, पण ज्याला एक गेम हवा होता त्याच्या खात्यात सहा आले. सेलच्या काळात काही तासांपुरती 'फ्लॅश' सवलत, बाजूला उलटं चालणारं घड्याळ. २०१३ मध्ये स्टीमने गेमसोबत गोळा करायची पत्तेवजा कार्डं आणली, म्हणजे जमवणं हाच एक खेळ झाला. जून २०१५ मध्ये पैसे परत करण्याची सोय आली: खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. त्याच वर्षी पुढे फ्लॅश सवलती बंद झाल्या. सोय चांगलीच आहे, पण तिच्यातली गंमत बघा. जो गेम आपण 'नंतर खेळू' म्हणून बाजूला ठेवतो, तो चौदा दिवसांनी उघडला आणि आवडला नाही तर उपयोग नाही. म्हणजे ढिगाला परतावा नाहीच. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये भाव रुपयांत दिसू लागले, नंतर यूपीआय आलं, आणि ज्या पिढीने 'कमवायला लागलो की घेईन' म्हटलं होतं ती नेमकी तेव्हा कमवायला लागली होती.

मग २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'गेम पास': महिन्याची वर्गणी, शंभरावर गेम. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकचं दुकान, आणि त्यांनी तर गेम फुकटच वाटायला घेतले. फुकट कसं परवडतं? ॲपलविरुद्धच्या खटल्यात २०२१ मध्ये कागद बाहेर आले, तेव्हा हिशेब कळला. पहिल्या नऊ-दहा महिन्यांत एपिकने फुकट वाटायच्या गेमसाठी सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळवली. म्हणजे माणशी अडीच डॉलरपेक्षा कमी. तिथे गिऱ्हाईक जोडायचा तो दर होता. दर आठवड्याला 'फुकट आहे, घेऊन ठेव' म्हणून बटण दाबणारा माणूस स्वतःला हुशार समजत असतो, आणि समोरच्याच्या वहीत त्याची खरेदी झालेली असते.

ढीग किती मोठा झाला याची पहिली ठोस मोजणी २०१४ मध्ये झाली. 'आर्स टेक्निका' या अमेरिकी नियतकालिकाने स्टीमवरच्या उघड खात्यांचे नमुने घेऊन अंदाज काढला: लोकांच्या खात्यांत नोंदलेल्या गेमपैकी सुमारे ३७ टक्के एकदाही चालू केलेले नाहीत. अपुरे नव्हेत, उघडलेलेच नाहीत! आणि ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एकट्या २०२४ मध्ये स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. अटारीच्या वेळी फडताळं भरली म्हणून बाजार कोसळला होता. आता फडताळाला अंतच नाही. आणि दुकानाला त्याचा वाटा, स्टीमच्या बाबतीत साधारण ३० टक्के, विकतानाच मिळतो. तुम्ही खेळलात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या बाजूला गेम लांबत गेले. २०१५ चा 'विचर ३' नुसती मूळ कथा संपवायला पन्नासेक तास लागतात, सगळं करायचं तर शंभरच्या वर. नोकरी, लोकल, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं सांभाळून माणसाला आठवड्याला चार तास मिळाले तरी खूप. वर्षाचे झाले दोनशे. म्हणजे असे चार गेम वर्षाला. एका सेलमध्ये आठ घेतले की दोन वर्षं बुक झाली, आणि सेल तर दर तीन महिन्यांनी येतो. हे गणित कुठल्याच शिस्तीने सुटत नाही, कारण ते न सुटण्यासाठीच जमवलेलं आहे.

इथे कुणी म्हणेल, पुस्तकांचंही असंच नाही का? अगदी बरोबर. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेनेकाने अशा धनिकांवर टीका केली होती, ज्यांना आपल्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची नावंही आयुष्यभरात वाचून होणार नाहीत. जपानी भाषेत पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवण्याला 'त्सुन्दोकू' म्हणतात, आणि त्याच धर्तीवर रचून ठेवलेल्या गेमसाठीही वेगळा शब्द आहे. मला स्वतःला न वाचलेल्या पुस्तकांचं कपाट वाईट वाटत नाही. ज्या पोराला बारा वर्षांचं असताना एक कॅसेट मिळाली नाही, त्याने चाळिशीत दोनशे घेतल्या, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? तो गेम विकत घेत नाही, राहून गेलेली सुट्टी विकत घेतो. त्यात लाजायचं काही नाही.

पण पुस्तक आणि हा ढीग यांत एक मूलभूत फरक आहे, आणि सार्वजनिक प्रश्न तिथे सुरू होतो. न वाचलेलं पुस्तक तुमचं असतं. भाचीला देता येतं, गावच्या वाचनालयाला देता येतं, अगदीच नाही तर रद्दीत चार पैसे येतात. स्टीमचा करार वाचा. तुम्ही घेतलेला गेम विकलेला नाही, वापरायचा परवाना दिलेला आहे. खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने याला आव्हान दिलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला, २०२२ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. म्हणजे लाखभर रुपये घालून जमवलेल्या ढिगावर तुमचा हक्क भाडेकरूइतकाही नाही.

आणि परवाना जातो कसा, त्याचंही उदाहरण आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण पैसे भरून घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा बंद पडला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. 'पुढच्या दिवाळीत खेळू' म्हणून ज्यांनी ठेवला होता, त्यांची दिवाळी आलीच नाही. यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं म्हणायचं नाही.

आपल्याकडे काय? आपल्याकडेही पाया आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकार त्यात दिले आहेत, आणि पहिलाच आहे खोटी घाई: 'लवकर घ्या, संपत आलं' असं खोटंच भासवून खरेदी करायला लावणं. पण गेमच्या दुकानांबाबत हा विषय मी तरी आपल्या सार्वजनिक चर्चेत ऐकलेला नाही. आमदार-खासदारांना गेम म्हणजे जुगार एवढंच दिसतं, आणि खेळणाऱ्यांना वाटतं की आपला ढीग ही आपलीच खासगी लाजेची गोष्ट आहे. या दोन्हींच्या मध्ये ग्राहक म्हणून आपला हक्क हरवलाय.

माझ्या मते तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, बटणावर खरं लिहा: 'विकत' की 'परवाना'. दोन, गेम बंद करायचा असेल तर ज्यांनी पैसे भरलेत त्यांच्याकडे चालणारी प्रत राहिली पाहिजे. तीन, न उघडलेल्या गेमला चौदा दिवसांची अट नको. ज्या वस्तूचं सील तुटलेलं नाही ती परत घ्यायला कंपनीचं काय जातं? शेवटी १९८३ मध्ये न खपलेल्या मालाचा तोटा अटारीने सोसलाच होता.

आणि तोपर्यंत? सेल लागला की एवढंच विचारा, 'हा गेम मी या रविवारी लावणार आहे का?' नसेल तर राहू द्या. तो कुठे पळत नाही, पुढच्या सेलला आणखी स्वस्त होतो.

तुमच्या खात्यात एकूण गेम किती आणि एकदाही न उघडलेले किती, दोन्ही आकडे खाली लिहा. लाजू नका. आकडे समोर आले तरच कुणापुढे तरी ठेवता येतील.